एका आवारात तीन प्रार्थनाघरे

अबुधाबीच्या सादियात बेटावरील 'अब्राहमिक फॅमिली हाऊस'ची ही थोडक्यात ओळख.

४ फेब्रुवारी २०१९ रोजी पोप फ्रान्सिस आणि अल-अझहरचे इमाम अहमद अल-तय्यब यांनी अबुधाबीत मानवी बंधुत्वाच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. ही वास्तू त्याचेच फळ. वास्तुविशारद डेव्हिड अजाये यांचा आराखडा. मार्च २०२३ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली.

मशीद, चर्च आणि सिनेगॉग हे तिन्ही सारख्याच मापाचे, ३० मीटरचे घन. कोणी मोठा नाही, कोणी धाकटा नाही. मात्र मशिदीचा रोख मक्केकडे, चर्चचा पूर्वेकडे, सिनेगॉगचा जेरुसलेमकडे. त्यामुळे तिन्ही एकमेकांशी तिरके उभे आहेत. मधली बाग मात्र सामाईक.

आपल्या मुंबईत १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाची वाट वेगळी. तिथे मूर्ती नाही. एकाच ईश्वराची उपासना सर्वांनी मिळून करायची. इथे प्रत्येकाने आपली उपासना जपायची आणि शेजारधर्मही पाळायचा.

परमुलखात देव्हारा मांडून राहणाऱ्या आपल्याला ही दुसरी वाट रोजच्या ओळखीची आहे. मुलांना घेऊन जरूर पाहावे असे हे ठिकाण आम्हाला वाटते.