बिडी आणि कामगाराची छाती



तंबाखूच्या इतिहासावर बोलावयास मला उभे केले आहे आणि पुढच्या रांगेतील माझे काही जुने स्नेही आतापासूनच हसू लागले आहेत. त्यांचे हसणे रास्त आहे. सतरा वर्षे माझ्या सदऱ्याच्या खिशात बिडीचे बंडल होते. युनियनच्या कामाला लागलो तेव्हा वडीलधाऱ्या कार्यकर्त्यांनी दिलेला पहिला धडाच असा की, अनोळखी कामगाराशी बोलणे काढावयाचे तर आधी त्याच्यापुढे बिडी धरावी. माझी शाळा नववीपर्यंतची. पुढचे वाचन झाले ते वाचनालयात आणि एस्टीच्या बाकावर. तेव्हा हे विद्वानाचे व्याख्यान नव्हे. बिडी सोडलेल्या एका कार्यकर्त्याने मांडलेला हिशेब आहे, असे समजून ऐकावे.

तंबाखू आपल्या मातीतली नव्हे. ती अमेरिकेतली, पोर्तुगिजांच्या जहाजांतून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि दक्षिणेत पसरली. अकबर बादशहाचा वकील असद बेग विजापूरला गेला असता त्याने ही नवलाई तेथे पाहिली आणि १६०४ च्या सुमारास रत्नजडित नळीसह ती बादशहापुढे नेऊन ठेवली. बादशहाने दोन-चार झुरके घेतले. दरबारचा हकीम मात्र अडून बसला. हे औषध आपल्या ग्रंथांत नाही, कोणी पारखलेले नाही, तेव्हा बादशहाने ते घेऊ नये, असे त्याचे म्हणणे. बादशहाने पुढे त्याचा नाद धरला नाही. पण असद बेगाने उरलेला माल सरदारांना वाटला, त्यांनी आणखी मागितला, व्यापाऱ्यांनी तो विकावयास आणला आणि बघता बघता चाल पडली. १६१७ साली जहांगिराने मनाईचा हुकूम काढला, तो कोणी मानला नाही. इकडे इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने त्याच १६०४ साली धूम्रपानाची निंदा करणारी पुस्तिका छापली आणि तंबाखूवरची जकात जबर वाढविली. तिथेही धूर थांबला नाही. म्हणजे शंका चारशे वर्षांची जुनी आहे. उणीव होती ती पुराव्याची.

बिडी ही मागाहून आलेली. आपट्याच्या किंवा टेंभुर्णीच्या पानात चिमूटभर तंबाखू घालून दोऱ्याने बांधली की झाली. ना यंत्र, ना कागद. सिगारेट साहेबाची आणि बिडी आपली, असे स्वदेशीच्या काळात तिला मानही मिळाला. मुंबईच्या गिरण्यांत तर ती कामगाराची हक्काची सुटी ठरली. कापसाला आग लागेल म्हणून साच्याजवळ बिडी पेटविण्यास बंदी. तेव्हा बिडी ओढावयास बाहेर जाणे एवढीच काय ती मोकळी हवा! हे मी थट्टेने म्हणत नाही. जो दहा तास उभा आहे, ज्याला बसावयास कोणी स्टूल दिले नाही, त्याला बिडीने पाच मिनिटे बसविले. आमच्या मालवण तालुक्यातली माणसे गावकीच्या खोलीत वळकटी टाकून राहिली. खाणावळीच्या पैशांइतकाच बिडीचा खर्चही त्यांच्या हिशेबात धरलेला असे.

माझे वडील त्यांतलेच. १९८२ च्या संपानंतर ते मसुऱ्यास परतले ते खोकला घेऊन. गिरणीची धूळ छातीत बसली, असे आम्ही सगळे म्हणत असू, आणि ते खोटे नव्हते. कापसाच्या धुळीने फुप्फुसाचा रोग जडतो, हे वैद्यकशास्त्राने मान्य केलेलेच आहे. पण तोच कामगार बिडी ओढणारा असेल तर तो रोग अधिक बळावतो, हेही त्याच शास्त्रात लिहिले आहे. पहिले वाक्य आम्ही भाषणांत वापरले, दुसरे वगळले. धुळीविरुद्ध ठराव झाले. बिडीविरुद्ध एक ओळ कोणी मांडली नाही. मांडणाऱ्याला मालकाचा माणूस म्हटले असते.

आता पुराव्याकडे वळू. १९५० साली इंग्लंडात डॉल आणि हिल या दोघांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे रोगी आणि इतर रोगी यांची तुलना करून सिगारेटचा दोष दाखविला, हे पुष्कळांनी ऐकले असेल. पण आपल्या मुंबईचे काम त्यामानाने थोड्यांना ठाऊक आहे. परळला १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर. जन्म क्वेट्ट्याचा, पण आडनाव आपल्या वेंगुर्ल्याजवळच्या खानोलीची आठवण करून देणारे. त्यांनी, डॉ. संघवी आणि डॉ. राव यांनी १९५५ साली आपला अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला. तंबाखू चघळणाऱ्यांत तोंडाचा, तर धूम्रपान करणाऱ्यांत जिभेच्या मुळाचा आणि घशाचा कर्करोग अधिक, असे त्यांना आढळले. हे रोगी लंडनचे नव्हेत. हे पान खाणारे आणि बिडी ओढणारे आपलेच लोक.

असे असताना वीस वर्षांनी, १९७५ साली, संसदेने कायदा केला तो केवळ सिगारेटचा. पाकिटावर इशारा छापण्याची सक्ती झाली; बिडीचे बंडल मोकळे सुटले, तंबाखूची पुडीही सुटली. ज्याला वाचता येते त्याला सावध केले आणि ज्याला येत नाही त्याला बिडीवर सोडून दिले, असे मी म्हटले तर अतिशयोक्ती होईल काय? बिडीत तंबाखू थोडी, म्हणून ती सौम्य, असा समज आजही आहे. पण ती विझू नये म्हणून वारंवार ओढावी लागते आणि तिच्या धुरात डांबर नि विषारी वायू कमी नसतात. मुंबईत १९९१ पासून सुमारे लाखभर माणसांची नोंद ठेवून जो अभ्यास झाला, त्याचा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. तंबाखूपासून दूर राहिलेल्या पुरुषांशी तुलना करता सिगारेट ओढणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण १.३७ पट, आणि बिडी ओढणाऱ्यांत १.६४ पट.

मग बिडीला हात का लागला नाही? येथे माझ्यासारख्याची जीभ अडखळते. कारण बिडीच्या मागे बिडी वळणारी बाई बसलेली आहे. सोलापूर, सिन्नर, निपाणी येथे हजारो घरे हजार बिड्यांच्या मजुरीवर चालली. छाटाच्या नावाखाली तिच्या बिड्या बाजूला काढणार, पुडा बांधून विकणार मात्र मालकच. तिच्यासाठी १९६६ चा बिडी कामगार कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधी झाला; ते झगडे न्याय्य होते आणि त्यांबद्दल मला अभिमान आहे. पण त्याच बाईला पुढे करून कारखानदारांनी इशाऱ्याची चित्रे लांबविली. २००३ चा कायदा बिडीलाही लागू होता, तरी पुड्यांवर चित्रे यावयास ३१ मे २००९ उजाडला. आम्हीही त्या आरड्याओरड्यात सूर मिसळला. बाईच्या पोटाचा प्रश्न खरा, म्हणून ओढणाऱ्याच्या छातीचा प्रश्न खोटा ठरत नाही, हे उमजावयास मला फार वेळ लागला. सप्टेंबर २०२५ मध्ये बिडीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आणण्याचे ठरले, तेव्हा तिच्या हजारी दरात किती पैसे वाढतील, हे मला कोणी सांगितले नाही.

वाट नाही असे मात्र नव्हे. केरळात कण्णूरला बिडी कामगारांनी १९६९ साली दिनेश बिडी ही सहकारी संस्था काढली. बिडीचा खप उतरू लागला तसे त्यांनी नारळाचे दूध, लोणची, छत्र्या, कपडे करावयास घेतले. नारळ आपल्याकडेही आहेत. एवढेच सुचवून पुढे जातो.

कायद्याने काहीच झाले नाही असेही नाही. मुरली देवरा यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये सार्वजनिक जागी धूम्रपानास मनाई केली. २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे कडक नियम आले. आंगणेवाडीच्या जत्रेला येताना ज्या गाड्यांत पूर्वी धुराने डोळे चुरचुरत, त्यांत आता कोणी बिडी पेटवीत नाही. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्केच आढळले. मात्र तंबाखू तोंडात धरणारे वा लावणारे २४.४ टक्के! धूर गेला, पान राहिले.

आणि येथे बायका येतात. आमच्या काजूच्या कारखान्यांत सकाळच्या पाळीला आलेल्या बाईच्या कनवटीला मशेरीची डबी असतेच. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. हिरड्यांना लावली की भूक मरते, कलही येते. मुंबईतील गरोदर स्त्रियांच्या पाहणीत, जी २००४ साली प्रसिद्ध झाली, अशी तंबाखू लावणाऱ्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅम कमी वजनाची निघाली. त्यांतल्या बहुतेकजणी मशेरीच लावणाऱ्या होत्या.

गेल्या पावसाळ्यात मी हे सारे आकडे कारखान्याच्या अंगणात सांगितले. पगाराच्या सभेत हा विषय काढला म्हणून थोडी कुजबुज झाली. मग एक वयस्क बाई उठून म्हणाली, "भाऊ, ह्या सगळा खरा. पण मशेरी लावल्याशिवाय सकाळी पोट साफ जाणा नाय, तेचा काय?" सगळ्या हसल्या. मी चाचरलो. मग तिने दुसरी गोष्ट काढली. कारखान्यात शंभर बायकांना संडास एकच, आणि दुपारपर्यंत तिकडे जावयास कोणी सोडीत नाही. म्हणून घरून निघण्यापूर्वी ते उरकावेच लागते, आणि ते मशेरीने उरकते.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापनाला जे मागणीपत्र दिले, त्यात पहिली मागणी संडासांची घातली. मशेरी हा शब्द त्यात कोठेही नव्हता. तीन संडास बांधून झाले आहेत. ती बाई अजून मशेरी लावते, पण आता दिवसातून एकदाच, असे ती सांगते.