डाळिंब आणि एक शपथ



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि राज्याभिषेक उभे राहतात. आज मी एका फळाची हकिकत सांगणार आहे, आणि तिचा आरंभ एका वादापासून करणार आहे.

इराकमधील कूफा नगरीत आठव्या शतकात अबू हनीफा नावाचे थोर धर्मशास्त्री होऊन गेले. इ. स. 767 मध्ये ते वारले. त्यांच्या परंपरेच्या ग्रंथांत एक प्रश्न येतो. एखाद्याने ‘मी फळ खाणार नाही’ अशी शपथ घेतली आणि पुढे डाळिंब खाल्ले, तर त्याची शपथ मोडली की नाही? आपण म्हणू, यात विचारायचे ते काय! पण अबू हनीफांचा निर्णय असा की, शपथ मोडली नाही. उलट त्यांचेच दोघे पट्टशिष्य, अबू यूसुफ आणि महंमद अश्-शैबानी, म्हणाले की मोडली.

वादाचे मूळ कुराणात आहे. तेथे डाळिंबाचा उल्लेख तीनदा येतो. त्यांतला एक ‘अर्-रहमान’ या पंचावन्नाव्या अध्यायात, स्वर्गातील उद्यानांच्या वर्णनात आहे. तेथे फळे, खजूर आणि डाळिंबे यांची नावे वेगवेगळी घेतली आहेत. ज्या अर्थी नावे वेगळी, त्या अर्थी वस्तूही वेगळ्या, असा गुरूंच्या पक्षाचा युक्तिवाद. शिष्यांचा पक्ष असा की, वेगळे नाव घेतले ते केवळ मोठेपणा दाखवण्यासाठी. ‘गावकरी आले आणि पाटीलही आले’ असे आपण म्हणतो. तेवढ्याने पाटील गावकरी नाहीत असे कोणी समजत नाही.

परंतु गुरूंच्या बाजूने आणखी एक कारण दिले जाते, आणि ते फार उद्बोधक आहे. फरगाण्याचे पंडित मर्गीनानी (मृत्यू 1197) यांच्या ‘हिदाया’ ग्रंथात ते आले आहे. फळ म्हणजे जे निव्वळ रुचीसाठी, सुखासाठी खावे ते. डाळिंब तर लोक पोषणासाठी आणि औषध म्हणूनही खातात. मग त्याला केवळ फळ कसे म्हणावे? पुढील भाष्यकारांनी यावर अशी तोड काढली की, गुरूंनी आपल्या काळच्या लोकांची बोलण्याची रीत पाहून निर्णय दिला आणि शिष्यांनी आपल्या काळची. शब्दाचा अर्थ लोकव्यवहारात शोधायचा, ही दृष्टी बाराशे वर्षांपूर्वीची आहे हे ध्यानात घ्या. हाच ‘हिदाया’ पुढे वॉरन हेस्टिंग्जच्या प्रेरणेने इंग्रजीत उतरवला गेला आणि 1791 मध्ये प्रसिद्ध झाला. तो आपल्या देशातील कंपनीच्या न्यायालयांतही वापरात होता.

कुराणातील बाकीचे दोन उल्लेख सहाव्या अध्यायात आहेत. जैतून आणि डाळिंब एकमेकांसारखी, तरीही वेगळी. ती पिकताना पाहा, खा, आणि तोडणीच्या दिवशी त्यांतला देय वाटा देऊन टाका, असा त्यांचा आशय आहे. अमुक रोगावर डाळिंब खा, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही.

मग औषधीपण आले कोठून? ते काहीसे परंपरेच्या वचनांतून आले आणि बरेचसे वैद्यकातून. इमाम अहमद इब्न हंबल (मृत्यू 855) यांच्या संग्रहात चौथे खलिफा अली यांच्या नावे एक वचन आहे. डाळिंब आतल्या पांढऱ्या पापुद्र्यासकट खावे, कारण ते पोट ‘कमावते’, असा त्याचा भाव. मूळ अरबी शब्द चामडे कमावण्याच्या धंद्यातला आहे. डाळिंबाच्या सालीने कातडे खरोखरच कमावीत असत. सालीत आणि पापुद्र्यात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते. कातड्याला ते घट्ट करते, तसेच पोटालाही करील, हा त्यामागचा तर्क. आपल्याकडे पोराची हगवण थांबेना की आजीबाई डाळिंबाची साल उगाळीत. तीही याच तुरटपणाच्या भरवशावर.

प्रत्येक डाळिंबात एक दाणा स्वर्गातला असतो, अशीही एक समजूत आहे. म्हणून कित्येक भाविक एकही दाणा खाली सांडू देत नाहीत. परंतु दमास्कसचे इब्न कय्यिम (मृत्यू 1350) यांनी पैगंबरांच्या वैद्यकावर लिहिताना सांगून ठेवले की, हे बोल पैगंबरांचे नसून त्यांचे सहवासी इब्न अब्बास यांचे असणे अधिक संभवते. श्रद्धाळू माणूससुद्धा वचन पारखून घेत होता, हे आपण विसरता कामा नये.

हकिमांनी तर या झाडाची अंगे वेगवेगळी करून त्यांची कामे ठरवून दिली. इब्न सीना (980–1037) यांच्या ‘कानून’मध्ये गोड डाळिंब वेगळे आणि आंबट वेगळे. ‘गुलनार’ म्हणजे डाळिंबाचे फूल. ते रक्तस्राव थांबवण्यासाठी आणि हिरड्यांसाठी. गोड आणि आंबट अशा दोन्ही डाळिंबांचे ‘जवारिश अनारैन’ युनानी दवाखान्यांत आजही पचनासाठी देतात. मुळाची साल जंतांवर देण्याचा उपाय ग्रीकांना ठाऊक होता आणि भारतातही चालत होता. पुढे 1878 मध्ये तांरे नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने या सालीतले गुणकारी द्रव्य वेगळे काढले. ते जंत पाडते हे खरे, पण मात्रा चुकली तर माणसालाही विषारी ठरते. म्हणून आता त्याची जागा अधिक निर्धोक औषधांनी घेतली आहे.

फळ, अन्न आणि औषध ही तीन नावे झाली. चौथे एक नाव राहिले. इ. स. 750 मध्ये दमास्कसचे उमय्या घराणे उलथले गेले. त्या कत्तलीतून निसटलेला राजपुत्र अब्द अर्-रहमान वणवण करीत स्पेनला पोहोचला आणि 756 मध्ये कोर्दोव्याचा अमीर झाला. अरबी इतिहासकार सांगतात की, मागे राहिलेल्या त्याच्या बहिणीकडून त्याला भेटीदाखल सीरियातील डाळिंबे आली. त्याने ती दरबाऱ्यांना मोठ्या कौतुकाने दाखवली. सफर नावाच्या एका सरदाराने त्यांचे दाणे मालागाच्या मुलखातील आपल्या गावी नेऊन पेरले, झाडे वाढवली, आणि पहिली फळे अमिराच्या पुढे आणून ठेवली. त्या वाणाला ‘सफरी’ हे नाव पडले. ज्या मायदेशी परतणे शक्य नव्हते, त्याची चव त्या निर्वासिताला परक्या मातीत पुन्हा मिळाली. डाळिंबाचे हे चौथे नाव म्हणजे आठवण.

आणि आपले काय? आपले ‘दाडिम’ चरक-सुश्रुतांइतके जुने. ‘अनार’ हा शब्द फारसीतून आला. पुण्याच्या गणेशखिंडीत 1936 मध्ये डॉ. चीमा यांनी ‘गणेश’ हा वाण निवडला. पुढे त्याचा ‘गुल-ए-शाह रेड’ या फारसी नावाच्या परदेशी वाणाशी संकर झाला, आणि त्याच संततीतून राहुरीच्या कृषी विद्यापीठाने आजचा ‘भगवा’ निवडून काढला. सोलापूर-नाशिककडच्या बागांत पिकणाऱ्या फळाची ही वंशावळ आहे!

आज बाजारात डाळिंबाचा रस सर्व रोगांवरचा रामबाण म्हणून विकला जातो, आणि त्यावर कधी धर्माचा तर कधी शास्त्राचा शिक्का मारला जातो. तो शिक्का पाहून भुलू नका. ज्यांच्या नावाने हे चालते, ते स्वतः फार सावध होते. शास्त्री शब्द तोलून पाहत होते, संग्राहक वचन पारखीत होते, हकीम गोड-आंबट वेगळे करीत होते. परंपरेचा मान राखायचा तर हा सावधपणाही तिच्याकडून घेतला पाहिजे.

बाकी ती शपथ मोडली की नाही, याचा निकाल मी तुमच्यावरच सोपवतो. घरी जाताना वाटेत एक डाळिंब घ्या, आणि त्याला काय म्हणावे ते सोलता सोलता ठरवा.