यादीत नसलेलं नाव

ऑपेरा कंपन्यांच्या येत्या हंगामाच्या याद्या जाहीर झाल्या, की मी त्या हौसेनं वाचते. इटलीत मिलानला ‘ला स्काला’ नावाचं १७७८ सालचं नाट्यगृह आहे, तिथली यादी तर चुकवत नाही. आता तिथला हंगाम ७ डिसेंबरला, नगरसंत अँब्रोज यांच्या सणाला सुरू होतो. पूर्वी तो नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला सुरू व्हायचा. यादी वाचताना मला हटकून १८४१ ची यादी आठवते.

ऑपेरा म्हणजे संगीत नाटकच, फक्त तिथं संवादही बहुतेक गाऊनच म्हणतात. त्या काळी नाट्यगृह ठेक्यानं चालवायला दिलं जाई. ठेकेदार गायक ठरवी, संगीतकारांकडून नव्या रचना घेई आणि भिंतींवर हंगामाची जाहिरात लावी. तिच्यात नाव नाही, म्हणजे हंगाम हातचा गेला.

जुझेप्पे व्हेर्दी तेव्हा २८ वर्षांचा होता. मुलगी १८३८ मध्ये गेली, मुलगा १८३९ मध्ये, बायको जून १८४० मध्ये. त्याच सप्टेंबरात त्याचा विनोदी ऑपेरा ला स्कालात एकाच प्रयोगात आपटला. पुन्हा लिहायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. ठेकेदार मेरेल्लीनं मागं लागून ‘नबुको’ची संहिता गळ्यात मारली. रचना पुरी झाली, आणि जाहिरात लागली ती ‘नबुको’शिवाय!

मेरेल्लीचंही अगदीच चुकत नव्हतं. तीन नवे ऑपेरा आधीच ठरले होते. चौथा पुढच्या हंगामात घेऊ, नवे पडदेही देऊ, असं तो सांगत होता. पण व्हेर्दीला स्त्रेप्पोनी ही गायिका हवी होती आणि ती याच हंगामाला बांधलेली. त्यानं रागाच्या भरात सणसणीत पत्र धाडलं, आणि धाडल्या धाडल्या पस्तावला. मेरेल्लीनं मात्र नवी जाहिरात लावली. अट एकच, पडदे आणि कपडे जुनेच, डागडुजी करून.

ही हकीकत व्हेर्दीनं १८७९ मध्ये, म्हातारपणी सांगितली. तीत घरातले तिन्ही मृत्यू त्यानं दोन-अडीच महिन्यांत घडवले आहेत, म्हणून तिचा शब्दन् शब्द खरा धरू नये. पण दुःख असंच आठवत असावं, एकावर एक रचलेलं.

९ मार्च १८४२ ला ‘नबुको’ रंगमंचावर आला. हंगाम संपतच आला होता, जेमतेम ८ प्रयोग झाले. शरदातला हंगाम उघडल्यावर त्याच नाट्यगृहात आणखी ५७ झाले.