घरातले नाव, दारावरचे नाव

भाईंदरला पत्र लिहिणारे गावाचे नाव निरनिराळ्या तऱ्हांनी लिहितात. मराठीत कोणी भाईंदर लिहितो, कोणी भायंदर. इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी कोणी 'ए-आर' घालतो, कोणी 'ई-आर'. पण भाईंदर पश्चिमेचा ४०११०१ हा पिनकोड घातला, की टपाल सहसा वाट चुकत नाही. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल-तार खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते. १९९५ साली 'बॉम्बे'चे 'मुंबई' झाले, तरी ४००००१ तसाच राहिला. बोलण्यातले नाव वेगळे आणि पत्त्यावरची खूण वेगळी, हे या योजनेचे मर्म.

संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्यांनाही हाच धडा गिरवावा लागला.

शाळेच्या पर्जन्यमापकाची एक नोंद घेऊ. आज्ञावलीत ती 'ऑब्जेक्ट' म्हणून राहते. तिच्यात तारीख आणि पाऊस असे दोन रकाने. ती साठवायची किंवा दुसऱ्या संगणकाकडे धाडायची, तर तिच्या जोड्या करतात: 'तारीख' – ५ जुलै, 'पाऊस' – ४२ मिलिमीटर. जोडीतल्या पहिल्या नावाला 'की', म्हणजे किल्ली म्हणतात. ही किल्ली ठरवायची कोणी?

जावा भाषेतील 'जावाबीन्स' या संकेताने १९९७ मध्ये ते काम अनुमानावर सोपवले. 'गेटनेम' या फंक्शनमधला 'गेट' गाळायचा, उरलेल्याचे पहिले अक्षर कॅपिटलचे लहान करायचे, की 'नेम' ही किल्ली तयार. 'गेटयूआरएल'चे काय? उरलेल्या शब्दाची पहिली दोन्ही अक्षरे कॅपिटल असतील, तर तो तसाच ठेवायचा! पुढे २००१ पासून डग्लस क्रॉकफर्ड यांनी पुढे आणलेल्या 'जेसन' या लेखनप्रकारामुळे अशा जोड्या जगभर फिरू लागल्या.

धोका इथेच होता. समजा, आज्ञावलीत कोणी 'पाऊस' बदलून 'पर्जन्य' केले. आज्ञावली विनातक्रार चालते. पण जुन्या नोंदींतली किल्ली 'पाऊस'च आहे. अनोळखी किल्ली मुकाट्याने सोडून देणारे साधन असेल, तर नव्या रकान्यात जावाच्या नियमाने ० उरतो. शून्य म्हणजे कोरडा दिवस! भर जुलैतली मुसळधार सर कागदावरून पुसली जाते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. 'मोजमाप सापडले नाही' आणि 'मोजमाप शून्य आले' यांत केवढे अंतर आहे, हे विज्ञानशिक्षकांना सांगायला नको.

२००४ मध्ये जावाच्या पाचव्या आवृत्तीत 'ॲनोटेशन' आले. ॲनोटेशन म्हणजे रकान्याच्या माथ्यावर लिहिलेला शेरा. 'जॅक्सन' या साधनात 'जेसनप्रॉपर्टी' आणि 'जीसन'मध्ये 'सीरियलाइज्डनेम' हा शेरा मारून किल्ली आपणच लिहून देता येते. मग आत 'पर्जन्य' म्हणा, बाहेर 'पाऊस'च जाईल. जॅक्सनमध्ये २०१७ साली 'जेसनअलायस' आले: वाचताना जुनी नावेही ओळखायची, लिहिताना मात्र एकच वापरायचे.

आम्हाला यात तंत्रापेक्षा शिस्त मोलाची वाटते. घरातले नाव आपण हवे तेव्हा बदलावे. दारावरच्या नावावर मात्र इतरांचा भरवसा असतो; ते अंदाजावर सोडू नये. शाळेच्या नोंदवहीतला एखादा रकाना बदलतानाही जुने नाव शेजारी लिहून ठेवावे. पुढच्या वर्षीचे विद्यार्थी दुवा देतील.