अँडरसन, लॉरी

अँडरसन, लॉरी : (५ जून १९४७ – ). अमेरिकन गीतकार, व्हायोलिनवादक आणि परफॉर्मन्स आर्ट या कलाप्रकारातील अग्रगण्य कलावंत. जन्म शिकागोजवळील ग्लेन एलिन येथे. बालपणापासून व्हायोलिनचे शिक्षण. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयातून कलेतिहासाची पदवी (१९६९) व कोलंबिया विद्यापीठातून शिल्पकलेची पदव्युत्तर पदवी (१९७२) त्यांनी मिळवली. शिल्पकाराचा हा हात त्यांच्या संगीतात सतत जाणवतो. वाद्य आयते न घेता त्या ते स्वतः घडवतात.

‘ड्युएट्स ऑन आइस’ (१९७४-७५) या प्रयोगात बर्फाच्या लाद्यांत गोठवलेले स्केट पायांत घालून त्या रस्त्यावर उभ्या राहत. व्हायोलिनच्या पोटात स्पीकर बसवलेला असल्याने आधी मुद्रित केलेले वादन आणि प्रत्यक्ष वादन यांची जुगलबंदी चाले. बर्फ वितळून तोल जाऊ लागला की प्रयोग संपे. पुढे १९७७ मध्ये त्यांनी व्हायोलिनच्या गजाला घोड्याच्या केसांऐवजी ध्वनिफीत लावली आणि व्हायोलिनच्या घोडीवर ती फीत वाजवणारे टेपचे हेड बसवले. गज एका दिशेने ओढला की मुद्रित शब्द सुलटा ऐकू येई, परत नेला की उलटा. माणसाचे बोलणेच तारवाद्यातून वाजू लागले. त्यांच्या पुढच्या साऱ्या कामाचे बीज या वाद्यात आहे.

‘ओ सुपरमॅन’ (१९८१) हे आठ मिनिटांहून मोठे गीत त्यांचे सर्वांत प्रसिद्ध. ‘हा’ या एकाच उच्चाराची अखंड आवर्तने हाच त्याचा ताल, आणि त्यावर व्होकोडर या आवाजाला यांत्रिक रूप देणाऱ्या उपकरणातून आलेला आवाज. मासने या फ्रेंच संगीतकाराच्या ‘ल सिद’ ऑपेरातील एक गीत त्यामागे आहे. इराणमधील अमेरिकन ओलिसांच्या सुटकेची १९८० मधील फसलेली मोहीम हे निमित्त. फोनवर ठेवलेल्या आईच्या निरोपापासून सुरू झालेला आवाज हळूहळू शस्त्रसज्ज राष्ट्राचा होत जातो, ही या रचनेची खरी ताकद. बीबीसीचे निवेदक जॉन पील यांनी ती वाजवल्यानंतर ब्रिटनच्या विक्रीयादीत ती दुसऱ्या क्रमांकावर पोचली. त्यानंतर वॉर्नर ब्रदर्स या कंपनीने ‘बिग सायन्स’ (१९८२) हा त्यांचा गीतसंग्रह काढला. मात्र ही गाणी मूळची ‘युनायटेड स्टेट्स’ या भव्य प्रयोगातील. गोष्टी, चित्रे, गाणी यांनी गुंफलेला हा सुमारे आठ तासांचा प्रयोग १९८३ मध्ये ब्रुकलिन अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये दोन रात्रींत संपूर्ण सादर झाला. त्यांची गाणी ध्वनिमुद्रिकेवर ऐकताना पुष्कळदा रंगमंचाची उणीव भासते, ती यामुळेच. सत्ताधाऱ्याच्या बोलण्याचे विडंबन करण्यासाठी स्वतःचा आवाज यंत्राने पुरुषी, खर्जातला करण्याची त्यांची रीतही याच काळात रूढ झाली.

नंतरच्या संग्रहांत ‘मिस्टर हार्टब्रेक’ (१९८४), ‘स्ट्रेंज एंजल्स’ (१९८९) व ‘होमलँड’ (२०१०) महत्त्वाचे. नासाच्या त्या पहिल्या निवासी कलावंत (२००३). गायक लू रीड यांच्याशी २००८ मध्ये विवाह. रीड २०१३ मध्ये निवर्तले. ‘हार्ट ऑफ अ डॉग’ (२०१५) हा अँडरसन यांचा चित्रपट मृत्यू आणि स्मृती यांविषयी आहे. २०१२ च्या सँडी चक्रीवादळात त्यांच्या घराच्या तळघरात पाणी शिरून वाद्ये व जुने साहित्य नष्ट झाले. या अनुभवाशी निगडित ‘लँडफॉल’ (२०१८) ही क्रोनोस क्वार्टेट या तंतुवाद्यवृंदासह केलेली रचना ग्रॅमी पुरस्काराची मानकरी ठरली. वैमानिक अमीलिया इअरहार्ट यांच्या शेवटच्या उड्डाणावरील ‘अमीलिया’ हा संग्रह २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.