ग्रंथकर्ता तोच प्रकाशक: सीमाभागातील एक जुनी वहिवाट

मुंबई इलाख्यात छापून निघालेल्या पुस्तकांची एक यादी सरकारी गॅझेटातून दर तिमाहीस प्रसिद्ध होत असे, आणि तिच्यात कोणते रकाने असावेत हे 1867 च्या 25 व्या कायद्याने ठरवून दिले होते: ग्रंथाचे नाव, भाषा, कर्ता, छापणारा, प्रसिद्ध करणारा, पृष्ठे, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या, किंमत, आणि सरतेशेवटी स्वामित्वाचा हक्क ज्याच्याकडे असेल त्याचे नाव व ठिकाण. कर्ता, प्रसिद्ध करणारा आणि हक्कदार या तिन्ही रकान्यांत एकच नाव पुनःपुन्हा भरलेले असावे, हे त्या काळच्या मराठी ग्रंथव्यवहारात इतके नित्याचे होते, की आज ज्यास स्वयंप्रकाशन म्हणून नव्या युगाचे अपत्य समजण्यात येते, ते वस्तुतः आपल्याकडील सर्वांत जुन्या वहिवाटींपैकी एक आहे असेच म्हणावे लागते. बेळगाव-निपाणीच्या मुलखात तर ही वहिवाट अद्यापि मोडलेली नाही; आणि तिला हौसेपेक्षा भूगोलच अधिक कारण आहे.

या मुलखाने लेखक दिले, ते थोडेथोडके नव्हेत. ‘यमुनापर्यटन’ (1857) लिहून मराठी कादंबरीचा आरंभ करणारे बाबा पदमनजी 1831 साली बेळगावातच जन्मले. ‘मोचनगड’ (1871) ही पहिली ऐतिहासिक कादंबरी ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातून क्रमशः देणारे रामचंद्र भिकाजी गुंजीकर हे जांबोटीचे. आणि 1880 साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून संगीत नाटकाचे युग सुरू करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे. तिघेही एकाच जिल्ह्याचे, आणि तिघांच्याही कीर्तीचा उदय मात्र मुंबई-पुण्याकडे. शाई येथली आणि छापखाना तिकडचा, अशी ही जुनी विभागणी होती. जो लेखक मुंबईस जाऊन राहिला त्याला मासिके मिळाली, मंडळ्या मिळाल्या. जो येथेच मामलेदार कचेरीत अथवा शाळाखात्यात नोकरी करीत राहिला, त्याला ग्रंथ प्रसिद्ध करावयाचा तर स्वतःची पदरमोड करण्यावाचून गत्यंतर नसे.

परंतु पदरमोड म्हणजे केवळ घरातली रोकड काढून छापखानेवाल्याच्या हाती देणे, अशी समजूत करून घेणे चुकीचे होईल. त्या काळचा सुज्ञ ग्रंथकर्ता आधी वाचक गोळा करी आणि मग कागदाची रिमे खरेदी करी. प्रथम एक जाहीर पत्रक निघे, त्यात ग्रंथाचा आशय, अंदाजे पृष्ठसंख्या आणि दोन किंमती दिलेल्या असत, आगाऊ भरणारास कमी व मागाहून घेणारास अधिक. ते पत्रक स्नेह्यांकडे, वकिलांकडे, शाळांच्या हेडमास्तरांकडे आणि दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानिकांच्या कारभाऱ्यांकडे रवाना होई. आणि वर्गणीची यादी पुरेशी भरली, म्हणजेच हस्तलिखित छापखान्यात दाखल होई. त्या आश्रयदात्यांची नावे पुष्कळदा पुस्तकाच्या अखेरीस हुद्द्यांसह छापलेली सापडतात. मला स्वतःला जुन्या पुस्तकाची ही शेवटली पाने मूळ ग्रंथाइतकीच वाचनीय वाटतात. कारण कोणत्या गावी कोणी किती प्रती घेतल्या, हे तेथे जमाखर्चाच्या प्रामाणिकपणाने नमूद असते, आणि प्रस्तावनेतील विनयाला हा प्रामाणिकपणा क्वचितच साधतो.

विक्रीच्या आणखीही वाटा होत्या. 1851 मध्ये स्थापन झालेल्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडून बक्षीस मिळाले, वा शाळाखात्याने प्रती खरेदी केल्या, तर छपाईचा बराच भार हलका होई. मिशनरी मंडळींचे पुस्तकविके जत्रा-बाजारांतून हिंडून स्वस्त पुस्तके विकीत, आणि त्यांच्या मताशी ज्यांचे हाडवैर होते त्या शास्त्रीमंडळींनाही, ग्रंथ वाचकाच्या दारी नेता येतो, हा धडा त्यांच्यापासूनच मिळाला असावा. नाटक मंडळ्यांनी तर विक्रीचे स्थळच बदलले: प्रयोगाच्या जागी पदांची पुस्तके मिळत, आणि गाणे कानात घुमत असलेला प्रेक्षक खिशात हात घाली. 1877 पासून व्ही. पी. ची, म्हणजे पुस्तक पोचवतानाच पोस्टाने त्याची किंमत वसूल करण्याची, पद्धत सुरू झाली, तेव्हा पोस्टमनच वसुलीकारकून बनला आणि ज्यास दुकान नाही अशा ग्रंथकर्त्यास घरबसल्या दुकान लाभले; परत आलेल्या व्ही. पी. चा भुर्दंड मात्र त्याच्याच माथी बसे.

छापखानाही पुढे बेळगावात आला. ‘बेळगाव समाचार’ 1863 पासून, बाबुराव ठाकुरांचे ‘तरुण भारत’ 1919 पासून. आणि वृत्तपत्राच्या छापखान्यास फुरसतीच्या वेळी पुस्तकाचे काम घेणे सोयीचे असते. अशा छापखान्यात खिळ्यांचा साठा बेताचा असे. जुळाऱ्याने सोळा पृष्ठांचा एक फर्मा जुळवावा, लेखकाने त्याचे मुद्रित तपासून परत करावे, तो छापून व्हावा, खिळे सोडून पुन्हा आपापल्या घरांत टाकावे, आणि मगच दुसरा फर्मा जुळू लागावा, असा तो क्रम असल्यामुळे, परगावी राहणाऱ्या लेखकाचे मुद्रित चार दिवस अडले म्हणजे सबंध ग्रंथ अडे. दहा फर्म्यांचे, म्हणजे एकशे साठ पृष्ठांचे पुस्तक निघेतोवर लेखक छापखान्याचा अर्धा नोकरच झालेला असे. लेखकाला आपल्या वाक्याचे वजन कळण्यास याहून चांगली शाळा मला तरी ठाऊक नाही.

1946 साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, आणि दहाच वर्षांनी, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. राजकारणाची ही हकीकत सर्वश्रुत आहे. ग्रंथव्यवहारातील तिचा परिणाम मात्र फारसा बोलला जात नाही. म्हैसूर राज्याचा, म्हणजे आजच्या कर्नाटकाचा, सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1965 चा, महाराष्ट्राचा 1967 चा. आणि मराठी पुस्तकाच्या आवृत्तीचा आधार असलेली ग्रंथालये बहुतांशी रेषेच्या पलीकडे राहिली. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय 1848 चे, म्हणजे या दोन्ही कायद्यांच्या आजोबांच्या वयाचे. परंतु एका वाचनालयावर आवृत्ती खपत नाही. पोस्टखाते तेवढे दिल्लीचे असल्यामुळे त्याला ही रेषा दिसली नाही, आणि सीमाभागातील लेखकाचा मराठी जगाशी व्यवहार पुष्कळसा त्या लाल पेटीतूनच चालू राहिला.

निपाणीचे महादेव मोरे यांचे उदाहरण येथे उलट्या बाजूने बोलके आहे. पिठाची गिरणी चालवीत, तंबाखूच्या वखारींतील बायका, ड्रायव्हर, गॅरेजवाले यांचे जग त्यांनी कथा-कादंबऱ्यांत आणले, आणि त्यांना प्रकाशकही मिळाले. 2024 साली ते निवर्तले. पण ज्याची कथा पलीकडच्या संपादकापर्यंत पोहोचत नाही, किंवा पोहोचूनही परत येते, अशा शंभरांची गत निराळी.

त्यांची पेठ आज हिवाळ्यात भरते. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी, सांबरा, कुद्रेमनी, निपाणीकडील कारदगा येथील ग्रामीण मराठी साहित्य संमेलने म्हणजे एका अर्थी जुन्या वर्गणीदारांच्या यादीचा नवा अवतार होय. सकाळी ग्रंथदिंडी, मग भाषणे, मंडपालगत पुस्तकांची मेजे. आणि एखाद्या मेजामागे स्वतः कवीच सुटे पैसे मोजीत उभा. संगणकावर अक्षरजुळणी झाल्यापासून दोनशे प्रतीही काढता येतात, त्यामुळे खिळ्यांचा जाच गेला. परंतु त्याबरोबर मुद्रित तपासण्याची शिस्तही गेली, हे या मेजांवरील पुस्तके चाळणाऱ्यास कबूल करावेच लागेल. शिवाय ओळखीने खपलेल्या पुस्तकास ओळखीचेच अभिप्राय मिळतात, आणि काट मारणारा संपादक मध्ये नसल्यामुळे बारा कवितांच्या ऐवजी बहात्तर छापल्या जातात. जुन्या वर्गणीदारांतही भिडेखातर नाव देणारे असतीलच. फरक इतकाच की ते पैसे आधी देत.

एक सरकारी काम मात्र प्रत्येक लेखक-प्रकाशकास करावे लागते, निदान करावे अशी अपेक्षा आहे. 1954 च्या ग्रंथ-प्रदान कायद्यान्वये प्रत्येक नव्या पुस्तकाची प्रत स्वखर्चाने कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास, आणि दिल्ली, मद्रास व मुंबई येथील नेमलेल्या ग्रंथालयांस पाठवावी लागते. तेव्हा कारदग्याचा कवी चार गठ्ठे बांधतो, चार पत्ते लिहितो, आणि त्यांतला एक मुंबईच्या टाउन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालयाचा असतो. निपाणीच्या पोस्टातील कारकून तो तराजूवर टाकतो आणि तिकिटे किती लागतील ते सांगतो.