असरोलची पुडी

गेल्या रमजानच्या आधी आमच्या खालाला उठता-बसता चक्कर येऊ लागली. रक्तदाबाची गोळी ती रोज न चुकता घेते. डॉक्टरांनी विचारले, "आणखी काही औषध चालू आहे का?" ती म्हणाली, "नाही, फक्त जडीबुटी आहे." तिच्या लेखी ते औषधच नव्हते! घरी उशीखालून पुडी निघाली, सोबत घाईघाईच्या उर्दू अक्षरांतली चिठ्ठी. घरात उर्दू शिकवणारा मी, म्हणून ती माझ्या हातात आली. पहिलेच नाव होते असरोल.

असरोल म्हणजे सर्पगंधा. आपल्याकडे हिला अडकई असेही म्हणतात. सर्पदंशावर, झोप न येण्यावर आणि वेडावर ही मुळी शतकानुशतके दिली गेली. बिहारमध्ये तर तिचे नावच 'पागल की दवा'. पण या मुळीचा विसाव्या शतकातला प्रवास दिल्लीच्या एका हकिमाशी जोडलेला आहे, आणि तो मला सांगावासा वाटतो.

हकीम अजमल खान (१८६८-१९२७) यांना आपण काँग्रेसचे अध्यक्ष आणि जामिया मिल्लियाचे पहिले कुलपती म्हणून ओळखतो. ते दिल्लीच्या शरीफी घराण्याचे हकीम होते, हे मात्र एका ओळीत उरकले जाते. मुंबई प्रांतात १९१२ साली वैद्यकीय नोंदणीचा कायदा झाला. त्यात मान पाश्चात्त्य शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांना होता. वैद्य आणि हकीम बाहेर. त्याच्या विरोधात अजमल खान उभे राहिले, तेही वैद्यांना सोबत घेऊन. त्यांच्या दिल्लीतल्या आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन १९२१ मध्ये गांधीजींच्या हस्ते झाले.

सरकारशी असे भांडणारा माणूस सहज म्हणू शकला असता की आमचे नुस्खे बापजाद्यांचे आहेत, त्यांना तपासणारे तुम्ही कोण? ते तसे म्हणाले नाहीत. सलीमुज्जमाँ सिद्दीकी नावाचा तरुण जर्मनीत फ्रँकफर्टला रसायनशास्त्र शिकत होता (आणि फावल्या वेळात चित्रे काढत होता, त्यांचे प्रदर्शनही तिथे भरले होते). त्याला हकीमसाहेबांनी तिब्बिया कॉलेजात संशोधनाची जबाबदारी देऊ केली. १९२७ मध्ये सिद्दीकींना डॉक्टरेट मिळाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात हकीमसाहेब वारले. काम थांबले नाही. १९३१ मध्ये सिद्दीकींनी असरोलच्या मुळीतून अनेक द्रव्ये वेगळी काढली आणि त्यांतल्या एकाला नाव दिले अजमलीन. हृदयाच्या ठोक्यांचा एक धोकादायक आनुवंशिक दोष ओळखण्यासाठी डॉक्टर आजही अजमलीन वापरतात. कितीजणांना त्या नावातला हकीम माहीत असेल, कोण जाणे.

त्याच १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले की या मुळीने मन शांत होतेच, शिवाय रक्तदाबही उतरतो. मग मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरचे आपले निरीक्षण १९४९ मध्ये ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात छापले, आणि जगाचे लक्ष इकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत रिसर्पीन हाती लागले. रक्तदाब उतरवणारे मुख्य द्रव्य हेच. काही वर्षे ते जगभर दिले गेले. मुसलमान हकीम, हिंदू वैद्य, पारशी डॉक्टर आणि स्विस रसायनतज्ज्ञ, एका मुळीला इतके हात लागले.

इथवरची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पुढची सांगत नाही. औषध हजारोंना मिळू लागले, नोंदी ठेवल्या जाऊ लागल्या, आणि दिसले की कुणाचे नाक चोंदते, कुणाला सुस्ती येते, पोटात आम्ल वाढते. काही रुग्ण, विशेषतः मोठ्या मात्रेवर असलेले, खोल उदासीत गेले. आत्महत्येच्या घटनाही नोंदल्या गेल्या. त्या उदासीचा रिसर्पीनशी नेमका किती संबंध, यावर पुढे वादही झाला. १९७४ मध्ये स्तनांच्या कर्करोगाशी संबंध असल्याची शंका 'लॅन्सेट'मध्ये छापून आली, नंतरच्या अभ्यासांत ती टिकली नाही. म्हणजे तपासणीने मुळीवरचा एक आळही दूर केला! रिसर्पीन मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेली रसायने रिकामी करते. रक्तदाब उतरतो तो त्यामुळे, आणि मन खचत असेल तर तेही त्यामुळेच. गुण आणि दोष वेगवेगळ्या पुड्यांत येत नाहीत.

"जडीबुटीला साइड इफेक्ट नसतात" हे वाक्य मी आमच्याच लोकांकडून, तिब्बच्या अभिमानापोटी, फार वेळा ऐकले आहे. ज्या इब्न सीनाचा आपण अभिमान बाळगतो, त्याने 'अल-कानून'मध्ये औषध पारखण्याचे नियम घालून दिले आहेत: औषध निर्भेळ असावे, त्याचा परिणाम पुन्हा पुन्हा तसाच दिसावा, आणि परीक्षा माणसाच्या शरीरावर व्हावी, कारण जनावरावरचा परिणाम वेगळा असू शकतो. हजार वर्षांपूर्वीची ही सावधगिरी. आणि आपण चिठ्ठीवर मात्रा लिहिली आहे का, एवढेही पाहत नाही.

खालाच्या चिठ्ठीवर ती नव्हती. मुळीतल्या द्रव्याचे प्रमाण जागेनुसार बदलते, भेसळही होते. तेव्हा चिमूटभर म्हणजे किती, हे देणाऱ्यालाही सांगता आले नसते. वरून डॉक्टरांची गोळी. दोन्ही मिळून दाब खाली खेचत असणार. मी नावे मराठीत लिहून काढली आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेली. 'असरोल'पुढे कंसात 'सर्पगंधा' लिहिले होते. डॉक्टरांनी तेवढा एक शब्द वाचला आणि रक्तदाबाचा पट्टा खालाच्या दंडाला बांधायला घेतला.